गुलाबी-निळे दिवे लावूनही सायबरपंक का दिसत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे: बारा मिनिटांची सायबरपंक शॉर्टफिल्म, म्हणजे प्रगत यंत्रं आणि खालावलेलं जगणं एकत्र असलेल्या भविष्यातली. नायिका जुने कृत्रिम डोळे दुरुस्त करून विकते. दोन खोल्या आणि रात्रीची एक गल्ली एवढंच लोकेशन, शूटिंगला तीन रात्री. हाताशी एक मिररलेस कॅमेरा आणि रंग बदलणाऱ्या दोन एलईडी ट्यूब. चाचणीसाठी एका बाजूने गुलाबी आणि दुसऱ्या बाजूने निळा लाइट मारून पाहिला, तर सगळं गाण्याच्या व्हिडिओसारखं दिसलं. आता आणखी दिवे घ्यावेत की ग्रेडिंगमध्ये (शूटिंगनंतर रंग-उजेड सुधारण्याच्या कामात) सुधारेल, असं विचारलंय.

दोन्ही नको, निदान आत्ता तरी. तुमच्या चाचणीत मुख्य चूक रंगाची नाही, दिव्याच्या पत्त्याची आहे. तो गुलाबी उजेड कुठून येतोय हे फ्रेममध्ये कुठेच कळत नाही. कॅमेरामनने लावलाय एवढंच कळतं, आणि ते कळलं की प्रेक्षकाला शहराऐवजी स्टेज दिसायला लागतो. या जातीच्या चांगल्या सिनेमात जवळजवळ प्रत्येक उजेडाला मालक असतो. कुणीतरी काहीतरी विकतंय, कुणीतरी पहारा ठेवतंय, नाहीतर कुणीतरी विजेचं बिल वाचवतंय. मालक ठरला की दिव्याची जागा, उंची, रंग, तो लुकलुकतो की स्थिर राहतो, हे बहुतेक आपोआप ठरत जातं.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत, त्या आधी सांगून टाकतो. खोल्यांमध्ये हेझ, म्हणजे उजेडाचे झोत दिसावेत म्हणून हवेत सोडायचं बारीक धुकं, सोडता येईल का? स्मोक अलार्म असला तर इमारतीच्या व्यवस्थापनाशी बोलल्याशिवाय नाही. गल्ली ओली करायची परवानगी मिळेल का? संवाद लोकेशनवरच रेकॉर्ड करणार की डबिंग? तुमच्याकडची वीज ५० हर्ट्झची की ६० ची? ही उत्तरं बदलली की खालचे तपशील बदलतील. विचार करायची पद्धत तीच राहील.

हा लूक आला कुठून ते आधी बघू, कारण बहुतेक जण त्यातला फक्त रंग उचलतात. रिडली स्कॉटचा 'ब्लेड रनर' (१९८२) भविष्यातल्या लॉस एंजेलिसमध्ये घडतो, पण त्याचे रस्ते बरबँकमधल्या वॉर्नर ब्रदर्सच्या आवारातल्या, आधीपासून उभ्या असलेल्या न्यूयॉर्क स्ट्रीटच्या सेटवरचे आहेत. आधी कितीतरी चित्रपटांत दिसून गेलेला सेट. सततची रात्र, पाऊस आणि धूर यांनी वातावरण केलंच, शिवाय सेटच्या कडा आणि मागची रिकामी जागाही झाकली. डिझायनर सिड मीडच्या कामात जुन्या इमारती पाडलेल्या नाहीत. त्यांच्याच अंगावर पाइप, डक्ट, केबल, यंत्रं चढवलेली आहेत. आणि छायाचित्रकार जॉर्डन क्रोनेनवेथचं लाइटिंग बघा: उजेड बहुतेक वेळा पात्रांच्या मागून किंवा खिडकीबाहेरून येतो, धुरात त्याचा झोत दिसतो, चेहरा बराचसा अंधारात राहतो. ब्रॅडबरी बिल्डिंगमधल्या प्रसंगांत जे झोत भिंतींवरून सरकत जातात, ते वरून फिरणाऱ्या जाहिरातीच्या ब्लिंपचे, म्हणजे फुग्यासारख्या हवाई जहाजाचे. म्हणजे माणूस स्वतःच्या घरात बसलाय आणि दुसऱ्या कुणाचातरी धंदा त्याच्या छतावरून फिरतोय. संवादाचं एकही वाक्य न वापरता त्या जगातल्या सत्तेचा हिशोब मांडून झाला.

निऑनशिवायही हे जमतं. फ्रेंच दिग्दर्शक गोदारच्या 'आल्फाव्हिल'मध्ये (१९६५) सेट जवळजवळ नाहीतच. त्या काळच्या पॅरिसमधल्या नव्या काचेच्या आणि काँक्रीटच्या इमारती, बरीचशी रात्र, कृष्णधवल फिल्म, आणि त्यालाच दुसऱ्या ग्रहावरचं शहर म्हटलंय. शिन्या त्सुकामोतोचा 'तेत्सुओ: द आयर्न मॅन' (१९८९) सोळा मिलिमीटर कृष्णधवल फिल्मवर, भंगार धातू आणि वायरींच्या जिवावर उभा आहे. तुमच्या बजेटला मी असं सुचवेन: गल्ली 'आल्फाव्हिल'च्या पद्धतीने निवडा आणि खोली 'ब्लेड रनर'च्या पद्धतीने भरा. म्हणजे गल्लीत जे आहे त्यातलं काय फ्रेमबाहेर ठेवायचं एवढंच ठरवायचं, आणि सगळे कष्ट खोलीवर घालायचे.

लाइटला हात लावण्याआधी गोष्टीतला एक प्रश्न सोडवा: तो डोळा कुणाचा आहे? या चित्रपटांचं भविष्यचित्र उडत्या गाड्यांवर फारसं उभं नसतं. शरीरातल्या यंत्राची मालकी कुणाकडे, यावर उभं असतं. 'रोबोकॉप'मध्ये (१९८७) कंपनीच्या वरिष्ठ अधिकाऱ्याला अटक करता येऊ नये अशी गुप्त आज्ञाच त्या पोलिसाच्या डोक्यात घातलेली असते. 'मायनॉरिटी रिपोर्ट'मध्ये (२००२) जाहिराती माणसाचा डोळा ओळखून त्याला नावाने हाक मारतात. अलेक्स रिव्हेराच्या 'स्लीप डीलर'मध्ये (२००८) मेक्सिकोतले कामगार अंगात सॉकेट बसवून घेतात आणि सीमेपलीकडचे यंत्रमानव चालवतात. श्रम पलीकडे जातात, माणूस अलीकडेच राहतो.

तुमच्या नायिकेच्या बाबतीत ठरवा की डोळा हप्त्यावर मिळतो का, हप्ता थकला तर काय होतं, कंपनीने अपडेट बंद केलं की आंधळेपण किती दिवसांत येतं, आणि तिचं दुरुस्तीचं काम कायदेशीर आहे का. बेकायदेशीर असेल तर तिची खिडकी झाकलेली असणार, बाहेरच्या जाहिरातीचा उजेड फटींतून येणार, आणि ग्राहक येताना दारावरचा एक छोटा लाल दिवा लागणार. बघा, दोन दिवे ठरले आणि एकही शोभेचा नाही.

आता प्रत्यक्ष रंग. गुलाबी आणि निळा ही जोडी अलीकडच्या पोस्टरांनी आणि गेम्सनी पक्की केली आहे. खऱ्या शहरातली रात्र वेगळ्या रंगांची होती. शुद्ध निऑन वायूची नळी लाल-केशरी पेटते. निळसर रंग आर्गॉन आणि थोड्या पाऱ्यातून येतो, बाकीचे बरेचसे रंग नळीच्या आतल्या लेपातून किंवा रंगीत काचेतून. रस्त्यावरचे सोडियम दिवे पिवळे-केशरी आणि फ्लुरोसंट ट्यूब कॅमेऱ्यात हिरवट. जुन्या चित्रपटांमधली रात्र श्रीमंत दिसते ती या मिसळीमुळे: प्रत्येक दिवा वेगळ्या काळात, वेगळ्या माणसाने लावलेला. 'द मॅट्रिक्स'ने (१९९९) याच्या उलट वाट धरली. आभासी जग हिरवट आणि खरं जग निळसर, असा नियमच करून टाकला. तुम्ही मिसळ घ्या किंवा नियम घ्या, पण दोन्ही एकदम नको.

तुमच्या खोलीसाठी मी अशी सुरुवात करेन. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स (कोणता उजेड पांढरा धरायचा ते ठरवणारी सेटिंग) हाताने ४३०० केल्विनवर लावा आणि शूटिंगभर तिथेच ठेवा. कामाच्या टेबलावर साधा उबदार दिवा, २७०० ते ३००० केल्विनचा, तो केशरी दिसेल. पहिली एलईडी ट्यूब खिडकीबाहेर, नायिकेच्या मागच्या बाजूला, डोक्यापेक्षा वर. ती थंड पांढऱ्यावर ठेवून थोडा हिरवा वाढवा. हा समोरच्या इमारतीवरचा फलक. दुसरी ट्यूब खोलीत आणूच नका. ती बाहेरच्या पॅसेजमध्ये ठेवा, दार उघडेल तेव्हाच तिचा उजेड आत येऊ दे. दारावरच्या लाल दिव्याला बॅटरीवरचा छोटा एलईडी पुरे. गुलाबी ठेवायचाच असेल तर एकाच प्रसंगात ठेवा. नायिका पहिल्यांदा स्वतःला डोळा लावून बघते तो क्षण मला योग्य वाटतो. बाकी फिल्मभर तो रंग दिसला नसेल तर तिथे त्याला वजन येईल.

गडद रंगाच्या एलईडीत एक तांत्रिक सापळा असतो. पूर्ण निळ्या उजेडात चेहऱ्याची जवळजवळ सगळी माहिती कॅमेऱ्याच्या लाल, हिरव्या, निळ्या अशा तीन चॅनेलपैकी एकाच चॅनेलमध्ये जाते. निळा चॅनेल मर्यादेबाहेर जाऊन फाटलेला असतो, लाल आणि हिरवा रिकामे असतात, आणि एकूण ब्राइटनेसचा हिस्टोग्राम (आलेख) मात्र 'सगळं ठीक' दाखवत असतो. असा चेहरा रबराचा दिसतो आणि ग्रेडिंगमध्ये परत येत नाही, कारण तिथे परत आणण्यासारखं काही नोंदलंच गेलेलं नसतं. उपाय दोन. ट्यूबचं सॅच्युरेशन १०० ऐवजी ७० च्या आसपास ठेवा, रंगाची उरलेली खोली ग्रेडिंगमध्ये द्या. आणि कॅमेऱ्यात किंवा मॉनिटरवर तिन्ही चॅनेल वेगळे दाखवणारा पर्याय असेल तर तोच वापरा. नसेल तर रंगीत उजेडाचे शॉट एक स्टॉप कमी, म्हणजे निम्म्या उजेडाने, एक्स्पोज करा. त्याशिवाय चेहऱ्याचा निदान एक भाग, गाल किंवा कपाळ, साध्या उबदार उजेडात राहू द्या. त्वचा तिथे खरी दिसली की बाकीच्या रंगावर डोळा विश्वास ठेवतो.

एक्स्पोजरचा अंदाज: उजळ बाजूचा गाल नेहमीच्या पातळीपेक्षा साधारण एक स्टॉप खाली, सावलीची बाजू तीन स्टॉप खाली, आणि फ्रेममध्ये दिसणारा फलक किंवा स्क्रीन त्वचेपेक्षा दोन-अडीच स्टॉप वर. फलक पांढरा फुटला तर त्याचा रंगच जातो आणि नुसती चकाकी राहते. तेव्हा आधी फलकावर एक्स्पोजर लावा, मग चेहरा त्याच्या हिशोबात उजळा. बहुतेक जण उलट करतात.

या सगळ्यावर खर्च करायला एकच वस्तू सांगायची झाली तर हेझर भाड्याने घ्या. स्मोक मशीन नाही. स्मोक मशीनचा धूर दाट ढगांनी येतो, खोलीत एकसारखा पसरत नाही आणि दोन टेकमध्ये वेगळा दिसतो. हेझर बारीक कण सोडतो, ते बराच वेळ तरंगत राहतात. पंखे आणि एसी बंद, दारं-खिडक्या बंद, हेझ सोडून दहा मिनिटं थांबा, मग शॉट. झोतात हेझ दिसला पाहिजे. मागच्या अंधाऱ्या कोपऱ्यातही राखाडी पडदा दिसायला लागला तर जास्त झालाय. हेझ फक्त मागून किंवा बाजूने उजळायचा, कॅमेऱ्याच्या बाजूने दिवा मारलात की भिंत उभी राहते. प्रत्येक टेकआधी त्याच फ्रेममधला एक स्टिल फोटो काढून मागच्या टेकशी ताडून बघा, नाहीतर एडिटिंगला बसल्यावर दर कटला हवा बदललेली दिसेल. मशीनला आवाज असतो, म्हणून टेक चालू असताना बंद. दर तासाला खोली उघडून हवा खेळू द्या, आणि युनिटमध्ये कुणाला दम्याचा त्रास आहे का हे पहिल्या रात्रीआधी विचारून ठेवा. फ्लुइड त्याच मशीनसाठी सांगितलेलाच घाला. धुपाटण्याने किंवा काही जाळून हे काम करायला जाऊ नका.

पाऊस विसरा, ओली जमीन पुरे. पडणारा पाऊस कॅमेऱ्यात दिसायला जोरदार बॅकलाइट लागतो आणि थेंबही मोठे लागतात, तुमच्या साधनांत ते बसणार नाही. गल्लीची जमीन मात्र ओली केली की काळी होते आणि मागचा प्रत्येक दिवा खाली दुसऱ्यांदा दिसतो. दोन दिव्यांचे चार झाले. कॅमेरा कंबरेच्या खाली आणा आणि दिव्याकडे तोंड करून लावा, त्याशिवाय प्रतिबिंब मिळत नाही. गरम हवेत जमीन भराभर सुकते, म्हणून पाण्याचा झारा घेऊन एक माणूस फक्त याच कामाला ठेवा. ओल्या जागेत सगळे दिवे बॅटरीवर. मेन लाइनवर काही लावणं भागच असेल तर ३० मिलिअँपिअर गळती होताच वीज तोडणाऱ्या संरक्षणाशिवाय नाही, आणि जोडण्या जमिनीवरून उचललेल्या. नायिकेचे बूट घसरणारे नाहीत ना, तेही बघा.

गल्लीत लेन्स लांब घ्या, ८५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त. मागचे फलक, वायरी, खिडक्या एकमेकांवर येऊन दाटी होते आणि शहर मोठं वाटतं. वाइड लेन्सने रिकामी गल्ली रिकामीच दिसते. आकाश शक्यतो फ्रेममध्ये येऊ देऊ नका.

फ्लिकरबद्दल, म्हणजे कॅमेऱ्यात दिसणाऱ्या लुकलुकण्याबद्दल, थोडक्यात, कारण स्वस्त दिवे आणि जुन्या ट्यूब असतील तर हमखास अडचण येते. ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५०. २४ फ्रेमच हव्या असतील तर शटर १/५० वरच, अंशांत लावायचा असेल तर १७२.८. साठ हर्ट्झवर २४ फ्रेम आणि १/६०. स्लो मोशन करायचं असेल तर रस्त्यावरच्या दिव्यांखाली करू नका. मंद केलेले स्वस्त एलईडी या नियमांनाही दाद देत नाहीत, कारण ते स्वतःच्या वेगाने चालू-बंद होत असतात. तिथे दिवा पूर्ण ब्राइटनेसवर ठेवून त्याच्यासमोर राखाडी जेल (उजेड कमी करणारा पारदर्शक पापुद्रा) किंवा कापड लावणं हाच मार्ग.

स्क्रीनचंही तेच. लॅपटॉपचा ब्राइटनेस कमी केला की बऱ्याच पॅनेलचा बॅकलाइट लुकलुकायला लागतो. ब्राइटनेस पूर्ण ठेवा आणि दाखवायचं चित्रच गडद बनवा: काळी पार्श्वभूमी, त्यावर थोडी अक्षरं. आणि कृपया हिरव्या आकड्यांचा धबधबा नको. तिच्या स्क्रीनवर काय असेल? डोळ्याचा सिरियल नंबर, थकलेल्या हप्त्यांची यादी, लॉक तोडताना दोनदा आलेला 'परवानगी नाही' हा संदेश, आणि कोपऱ्यात बंद न होणारी जाहिरात. वाचता येईल इतकं मोठं आणि तीन सेकंदांत कळेल इतकं कमी.

आता डोळे. तुमच्या गोष्टीचा विषयच डोळे आहेत, म्हणून इथे थांबून सांगतो. 'ब्लेड रनर'मध्ये काही पात्रांच्या बाहुल्या आतून चमकतात. ते नंतर जोडलेलं नाही, कॅमेऱ्यासमोर केलंय. लेन्सपुढे अर्धपारदर्शक आरसा ४५ अंशांत उभा करायचा आणि बाजूने एक मंद दिवा त्यावर मारायचा. उजेड आरशावरून वळून बरोबर लेन्सच्याच रेषेत नटाच्या डोळ्यात जातो, डोळ्याच्या मागच्या पडद्यावरून परततो आणि लेन्समध्ये येतो. फ्लॅशच्या फोटोत डोळे लाल येतात त्यामागेही हेच कारण.

तुम्हाला यासाठी टेलिप्रॉम्प्टरची काच चालेल. काच लेन्सच्या अगदी जवळ, ४५ अंशांत. दिवा लेन्सच्या रेषेला काटकोनात, समजा उजव्या बाजूला. मग काचेच्या डाव्या बाजूला काळं मखमली कापड लावावंच लागतं, कारण कॅमेऱ्याला काचेत नेमकी तीच बाजू प्रतिबिंबित दिसते. कापड नसेल तर भिंत, स्टँड, तुमचा हात, सगळं चेहऱ्यावर धूसर उमटतं. काच आणि लेन्स यांच्यातली फट वरूनही काळ्या कापडाने झाका. काच अर्धा उजेड खाते असं धरा आणि एक स्टॉप एक्स्पोजर वाढवा. दिव्याला डिमर हवाच. चेहरा उजळायला लागला की युक्ती उघडी पडते, तेव्हा इतका मंद करा की फक्त बाहुलीत ठिपका राहील. खोली अंधारी हवी, म्हणजे बाहुल्या मोठ्या होतात. नजर लेन्सच्या अगदी जवळ हवी, नट बाजूला बघायला लागला की चमक विझते. हाच दोष तुम्हाला फायद्याचा आहे: ज्या क्षणी पात्र खोटं बोलतं त्या क्षणी नजर लेन्सच्या रेषेत आणा. लेझर किंवा तीव्र एलईडी यासाठी कधीही वापरू नका, आणि टेक छोटे ठेवा.

प्रॉपच्या बाबतीत एक नियम पाळा: काहीही नवीन बनवू नका, आहे त्यावर चढवा. बंद पडलेलं वैद्यकीय किंवा इलेक्ट्रॉनिक यंत्र घ्या. त्यावर एक दुरुस्ती दाखवा, म्हणजे वेगळ्या रंगाचा स्क्रू, उघडलेलं झाकण, बदललेली वायर. मग मालकीची एक खूण: स्टिकर, खोडलेला नंबर, हाताने लिहिलेली तारीख. मॉडेल किटचे प्लॅस्टिकचे तुकडे चिकटवायचे असतील तर आधी सगळ्यावर एकच मॅट प्रायमर मारा, मग रंग, मग पातळ केलेला काळा रंग (वॉश) फटींमध्ये, आणि शेवटी कोरड्या ब्रशने कडांना थोडी चंदेरी. प्रायमर वगळला की ग्ल्यू गनचे चमकते थेंब क्लोजअपमध्ये लगेच दिसतात. झीज हात लागतो तिथेच दाखवा, म्हणजे बटणं, कडा, मूठ. सगळीकडे सारखा मळका रंग फासला की वस्तू जुनी दिसत नाही, रंगवलेली दिसते. आणि केबलला दोन टोकं असतात. नुसत्या लोंबणाऱ्या वायरी ही या प्रकारातली सगळ्यात स्वस्त लबाडी आहे, प्रेक्षकाला ती न सांगता कळते.

कपड्यात किंवा प्रॉपमध्ये एलईडी पट्टी घालणार असाल तर करंटचा हिशोब करा. ५ व्होल्टच्या, प्रत्येक दिवा वेगळा चालणाऱ्या नेहमीच्या पट्टीत एक एलईडी पूर्ण पांढऱ्यावर साधारण ६० मिलिअँपिअर घेतो. तीस एलईडी म्हणजे १.८ अँपिअर, २ अँपिअरची पॉवर बँक तिथेच थकते. ब्राइटनेस पाव केला तर निवांत चालते, आणि कॅमेऱ्याला तेवढाच पुरेसा असतो. लांब पट्टीचं शेवटचं टोक पिवळं-तांबूस पडायला लागलं तर व्होल्टेज खाली आलंय, दोन्ही टोकांना वीज द्या. ठिपके दिसू नयेत म्हणून वर दुधी प्लॅस्टिक, पट्टीपासून थोडं अंतर सोडून.

मागे जोडलेली इमारत किंवा होलोग्राम असले शॉट तीन-चारच ठेवा आणि कॅमेरा ट्रायपॉडवर पक्का. जोडलेल्या गोष्टी उपऱ्या दिसतात त्या बहुतेक वेळा काळ्या रंगामुळे. खोलीत हेझ आहे म्हणजे तुमच्या फ्रेममधला सगळ्यात दूरचा काळा हा राखाडी आहे. दूरच्या इमारतीचा काळा त्याहून गडद असेल तर ती कितीही सुंदर असली तरी काचेवर चिकटवलेली वाटते. होलोग्रामला स्वतःचा उजेड हवा: तो जिथे असणार तिथे शूटिंगच्या वेळीच एक ट्यूब ठेवा, त्याच रंगाची, त्याच लयीत लुकलुकणारी. नंतर ट्यूब झाकून चित्र बसवा. नायिकेच्या गालावरचा उजेड आधीच खरा असेल, निम्मं काम तिथेच झालं.

'ब्लेड रनर'सारखा सरकणारा झोत हवा असेल तर खिडकीबाहेर एक अरुंद स्पॉट, तो हाताने फिरवणारा एक माणूस, आणि एका फेरीला सहा ते आठ सेकंद. झोत मनाला येईल तेव्हा फिरवलात तर दोन टेक एकमेकांना जुळणार नाहीत. त्याला संवादातला ठरावीक शब्द द्या, त्या शब्दावरच झोत खोलीत शिरेल.

शहराचा बराचसा भाग आवाजात उभा करा, तिथे पैसे लागत नाहीत. निदान चार थर: खाली यंत्रांची सततची घरघर, त्यावर भिंतीपलीकडचे शेजारी, मग दूरची, अर्धवट ऐकू येणारी घोषणा, आणि सगळ्यांत वर खोलीतल्या वस्तूंचे बारीक आवाज. घोषणेतले फक्त दोन-तीन शब्द कळू द्या, 'हप्ता', 'मुदत', 'परवाना' असे. दार बंद झालं की वरचे थर दबले पाहिजेत, घरघर तशीच राहिली पाहिजे. मामोरु ओशीच्या 'घोस्ट इन द शेल' या जपानी अ‍ॅनिमेशनपटात (१९९५) मधोमध सुमारे तीन मिनिटं फक्त शहर आणि केंजी कावाईचं संगीत आहे, एकही संवाद नाही. तुम्हाला तीन मिनिटं परवडणार नाहीत, पण गल्लीतले पाच-सहा शॉट, चाळीस सेकंद, एवढी जागा पटकथेत आत्ताच राखून ठेवा. नंतर ती मिळत नाही.

तीन रात्री अशा वाटा: पहिली गल्लीची, कारण हवामान आणि परवानगी बिघडली तर हाताशी दोन रात्री उरतात. दुसरी खोलीतल्या हेझच्या सगळ्या शॉटना, तिसरी क्लोजअप, डोळे, स्क्रीन आणि प्रॉप. काचेची जुळणी करायला वेळ लागतो, म्हणून ती शूटिंगआधी घरी एकदा लावून बघा, नटाऐवजी कुणालाही बसवून. त्याच दिवशी सगळे दिवे आणि स्क्रीन कॅमेऱ्यासमोर प्रत्येकी दहा-दहा सेकंद रेकॉर्ड करा आणि मोठ्या मॉनिटरवर बघा. पट्टे सरकताना दिसले तर ते दिवे यादीतून काढून टाका. त्या चाचणीचे दोन-तीन स्टिल आणि खोलीचा नकाशा इथे टाकलात तर पहिली ट्यूब नेमकी किती उंचीवर लावायची तेही सांगता येईल.